घरमालकाला रशिया केलं

माती खाल्ली म्हणतात ना, ती मी कशी खाल्ली ते सांगतो. चहा घ्या, गार होईल. माझ्या हातून घडलेला हा मूर्खपणा बायको पाहुण्यांना स्वतः सांगते, आणि दर वेळी त्यात भर घालते. म्हणून म्हटलं, त्याआधी आपणच खरं काय ते सांगून टाकावं.

मी मुरुडला बारावीला इतिहास शिकवतो. शीतयुद्धाचा धडा आला की मी दरवर्षी अडकतो. पोरं विचारतात, "सर, लढाईच झाली न्हाई तर ते युद्ध कसलं?" अमेरिका आणि रशिया चाळीस-पंचेचाळीस वर्षं एकमेकांवर डोळे वटारून बसले होते, हे काही त्यांना पटत नाही. यंदा मला वाटलं, उदाहरण गावातलंच द्यावं. आणि हुशारी करायला गेलो.

आमच्या गल्लीत भगवानअण्णा आणि किशनराव समोरासमोर राहतात. दोघं बारा वर्षं बोलत नाहीत, पण कधी साधी शिवीगाळ नाही. अण्णांनी चारशे फूट बोअर घेतलं की किशनरावांचं साडेचारशे. किशनराव एक जीप भरून माहूरला देवीला गेले, तर अण्णा दोन जीपा घेऊन. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांची तर अशी चढाओढ की दोन्ही टाक्या आता महादेवाच्या कळसाच्या वर गेल्यात. अंतराळ स्पर्धा शिकवायला आणखी काय पाहिजे?

आणि अणुबॉम्ब? दोघांच्याही ट्रंकेत एकमेकांच्या जमिनीचे जुने कागद आहेत. एकानं ते कोर्टात टाकले की दुसरा टाकणार, आणि मग दोघांचीही शेतं वीस वर्षं पडीक. म्हणून कोणीच टाकत नाही. हे मी फळ्यावर आकृती काढून समजावलं. अण्णांचा ट्रॅक्टर लाल, म्हणून अण्णा रशिया आणि किशनराव अमेरिका. पोरं इतकी खूश झाली की तास संपल्याची घंटा कोणी ऐकली नाही.

आता दोन गोष्टी माझ्या लक्षात राहायला हव्या होत्या. एक, अण्णांची नात सविता पहिल्या बाकावर बसते. आणि दुसरी, मी अण्णांचाच भाडेकरू. त्यांच्या माडीवर राहतो. आमच्या भागात नळाला दिवसभर पाणी असलेलं घर मिळणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. त्या उंच टाकीच्या पायी माझी बायको माहेरी जायलासुद्धा तयार नसते.

दुसऱ्या दिवशी सविता जेवताना म्हणाली, "आजोबा, पुढच्या धड्यात आपलं घर फुटतंय."

संध्याकाळी अण्णा जिना चढून वर आले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सर, तुम्ही माझ्या घराच्या वाटण्या करून राहिलात का?"

"मी? अण्णा, मी कशाला तसलं काही करीन?"

"वर्गात सांगितलंत न्हवं? मी रशिया. अन् रशिया फुटला. किती तुकडे झाले?"

"पंधरा."

अण्णांनी बोटांवर मोजलं. "मला पोरं तीनच हायत," ते म्हणाले. "अन् समोरच्याचं काय होतं शेवटाला?"

"अमेरिकेचं? ती आहे तशीच राहते."

हे त्यांना फार लागलं. सोळा माणसं एका चुलीवर जेवतात, असं घर गल्लीत दुसरं नव्हतं. तेवढ्या एका बाबतीत ते किशनरावांच्या पुढं होते.

"सोमवारी बदलून टाका. त्याला रशिया करा."

"अण्णा, इतिहास बदलता येत नाही हो."

"घर बदलता येतंय का?"

दाराआडून बायकोनं ऐकलं. अण्णा खाली उतरताच ती म्हणाली, "उद्या रविवार आहे. जा आणि सगळ्यांना नीट समजावून सांगा. हे पाणी सोडून मी कुठंही येणार नाही."

सकाळी गेलो. बैठकीत अण्णा, तिन्ही मुलं. आतल्या दारात तिन्ही सुना. मी म्हटलं, ते नुसतं उदाहरण होतं, तुमच्या घराचा काही संबंध नाही. रशिया फुटला त्याची कारणं वेगळी.

"कोणती कारणं?" थोरल्या सूनबाईंनी विचारलं.

तुम्हाला म्हणून सांगतो, मला कोणी प्रश्न विचारला की माझा तास सुरू होतो. समोर कोण आहे ते दिसत नाही. मी म्हटलं, "सगळे निर्णय एकाच जागी व्हायचे, वहिनी. कोणी काय पिकवायचं, कोणाला किती मिळायचं, सगळं वरून ठरायचं."

"तेल-मीठसुद्धा?" मधल्या सूनबाई म्हणाल्या.

"तेल-मीठसुद्धा."

तिघींनी एकमेकींकडं पाहिलं. कोठीची किल्ली अण्णांच्या करदोट्याला असते, हे मला ठाऊक होतं हो. पण बोलण्याच्या भरात आठवलं नाही.

"मग फुटताना हाणामारी झाली का?" धाकट्या मुलानं विचारलं.

"काही ठिकाणी झाली. पण बहुतेक जण कागदावर सह्या करून वेगळे झाले."

"अन् वेगळं झाल्यावर बरं झालं का त्यांचं?" हे धाकट्या सूनबाईंनी अगदी हळू विचारलं.

इथं मी 'वाटोळं झालं' म्हटलं असतं, तर आज त्याच माडीवर असतो. पण पंचवीस वर्षं खरं शिकवायची सवय. म्हटलं, "सुरुवातीला लई तरास झाला. पण काही अगदी छोटे होते, त्यांचं चांगलंच बरं झालं."

"छोट्यांचं?"

"हाव. त्यांचंच."

अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली.

महिन्याच्या आत घरात तीन चुली झाल्या. भांडण नाही, तंटा नाही. अण्णा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि मला जेवण जाईना. नवव्या दिवशी जिन्यात भेटले तर चेहरा खुललेला.

"सर, एकत्र हुतो तवा ताटात पडंल ते खायचो. आता तिघी तीन बाजूनं विचारतात, अण्णा, तुमच्यासाठी काय करू? थोरलीकडं धपाटे झाले की मधलीकडं वरणफळं. तब्येत बघा की माझी."

मला इतकं हलकं वाटलं म्हणता! एका घराचं माझ्या शिकवण्यानं भलं झालं होतं. मी जिन्यातूनच वर हाक मारून बायकोला तसं म्हणूनही दाखवलं.

अण्णा मात्र अजून जिन्यातच उभे होते. "एक अडचण हाय पण. धाकट्याची चूल अजून पडवीतच हाय, आत जागा न्हाई." आणि त्यांनी वर, आमच्या स्वयंपाकघराकडं पाहिलं.

गावात बातमी लपत नाही. तिसऱ्या दिवशी किशनरावांनी मला रस्त्यातच गाठलं. त्यांची माडी रिकामी होती, पाणी दिवसभर होतं. आम्ही सामान उचललं आणि गल्ली ओलांडून अमेरिकेत शिरलो. अण्णांच्या मुलांनीच कपाट धरलं.

किशनराव दारात उभे होते. किल्ली पुढं केली, पण हातातून सोडली नाही.

"सर, भाड्याचं मागून बघू. एकच अट हाय. मला दोन पोरं, दोन सुना. माझ्या घरात इतिहास बोलायचा न्हाई."

मी तोंड उघडायच्या आत बायकोनं किल्ली घेतली. म्हणाली, "हाव काका. भूगोलसुद्धा न्हाई."