शंकासुर आणि पूर्वेचा वॉर्ड

आमच्या ओव्हरसीयरसाहेबांचा भिंतीवरही विश्वास नव्हता. कुठल्याही खोलीत शिरले की आधी बोटाच्या पेरांनी भिंत ठोकायचे, कान लावून ऐकायचे आणि मगच खुर्चीवर बसायचे. तेही खुर्ची हलवून पाहून. ऑफिसात त्यांचं नाव शंकासुर पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि ते कुणी पाडलं याचाही त्यांना संशय होता.

सत्तरच्या दशकात मी नागपूरला नकाशे उतरवून काढायच्या कामावर लागले. आमचं जमीनमोजणीचं ऑफिस इंग्रजांच्या काळातल्या एका इस्पितळात भरायचं. माझं टेबल होतं तिथे कधीकाळी रोग्यांच्या खाटा असत; चुन्याखाली वॉर्डाचा आकडा अजून पुसट दिसे. "ही भिंत खाली जमिनीशी गोल काहून केली, सांग," साहेबांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं. मग त्यांनीच उत्तर दिलं. "कोपरा असला की घाण लपते. बांधणाऱ्याचा झाडणाऱ्यावर भरवसा नव्हता. शहाणा माणूस." छताजवळचे झरोके, चारी बाजूंचा रुंद व्हरांडा, स्ट्रेचर चढवायचा उतार, सगळं मला त्यांनीच दाखवलं. तेवढ्यापुरता त्यांचा आवाज मऊ व्हायचा.

मग जुने नकाशे ठेवलेला पूर्वेचा वॉर्ड धोकादायक असल्याचा अहवाल आला. भिंतींना तडे होते. तो पाडून तिथे सिमेंटची नवी इमारत व्हायची होती. बाकी सगळे खूश झाले, आमचा हेडक्लार्क सगळ्यांत जास्त. साहेबांनी तड्यांवर काचेच्या पाच पट्ट्या चिकटवल्या. भिंत हलत असेल तर काच तडकणार. पावसाळाभर ते रोज जाऊन पाहायचे. एकही पट्टी तडकली नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ऑफिस उघडलं, तर पाचही पट्ट्या फुटलेल्या. साहेबांनी उकिडवं बसून तुकडे उजेडात धरले. "भिंत सरकली तर काच सरळ चिरते. इथं मधोमध हातोडीचा मार हाय." वॉर्डाच्या चाव्या दोनच. एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.

"तुझी चावी कोणाले दिली होती वं?"

"कुणालाच नाही," मी म्हणाले.

ते खोटं होतं. सुट्टीआधी आमच्या हेडक्लार्कने, जुने नकाशे पाहायचेत म्हणून, ती मागून घेतली होती. माझी नोकरी कच्ची होती आणि कायम करायचा कागद त्याच्याच हातून जायचा होता. साहेबांनी पुढे काही विचारलं नाही, पण माझ्याशी बोलणंच सोडलं. माझ्या टेबलाजवळून जाताना हातातले कागद छातीशी धरायचे. पंधरा दिवस सोसलं, मग सगळं लिहून, सही करून त्यांच्यापुढे ठेवलं.

"कोणाच्या सांगण्यावरून लिहून राहिली?"

"माझ्याच."

त्यांनी मला समोर बसवून तेच पुन्हा लिहायला लावलं आणि दोन्ही कागद ओळीओळीने ताडून पाहिले.

पाडकाम थांबलं. हेडक्लार्कला कुणी काही विचारलं नाही. बदली झाली ती साहेबांची, सावनेरला. माझं कायम होणंही दोन वर्षं लांबलं. जायच्या दिवशी त्यांनी दुसरा कागद माझ्या हातात दिला. "हा घरी ठेव. फाईलमधला राहीन असं मले वाटत नाही."

नाहीच राहिला. काही वर्षांनी नवे अधिकारी आले, पाडायची फाईल पुन्हा निघाली, आणि माझा जबाब तिच्यात नव्हता. मी घरचा कागद नेऊन दाखवला. त्यांनी बाहेरचा इंजिनियर बोलावला. त्याने नव्याने पट्ट्या लावल्या, वर्षभर पाहिल्या, आणि वॉर्ड राहिला.

हे सांगायला मी एका रविवारी सावनेरला गेले. निवृत्तीनंतर साहेब तिथेच राहिले होते. दम्याने खंगले होते. ती आमची शेवटची भेट. त्यांनी सगळी हकीकत मला दोनदा सांगायला लावली. मग म्हणाले, "अन् कागद? देऊन आली त्याले?"

"नक्कल दिली."

"मूळ कुठं हाय मग?"

"ते नाही सांगायची."

ते खोकला येईपर्यंत हसले. "हिच्यासाठी चहा टाक वं," त्यांनी आत बायकोला हाक दिली. "पोरगी तयार झाली."