श्रावणात रुसलेली मांजर

श्रावणात आमच्या घरात मासे शिजत नाहीत. सापगावात अशी घरं पुष्कळ आहेत, पण आमच्या आईचा श्रावण जरा जास्तच कडक. सुकटीचा डबासुद्धा महिनाभर घराबाहेर, पडवीत टांगलेला असतो. ही शिस्त मांजर सोडून सगळ्यांना मान्य आहे. मांजर दरवर्षी सुरुवातीला दूधभात टाळते आणि मग मुकाट खाते.

म्हणून गेल्या श्रावणात तिने ताटली सोडली तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. तिला शिंका येत होत्या, नाकातून पाणी गळत होतं. ते आम्ही पावसाच्या खात्यात टाकलं. येता-जाता आई तिला चिडवायची, अमावास्येपर्यंत रुसून बस म्हणायची.

मग नाकातलं पाणी घट्ट आणि पिवळट झालं. श्वास घेताना घुरघुर येऊ लागली. मला आणखी एक गोष्ट खटकली. रुसलेली मांजर ताटलीकडे पाठ करते. ही ताटलीशी बसायची, तोंड खाली न्यायची आणि तशीच मागे सरायची. मी बायकोला म्हटलं, खरंच रुसवा असेल तर सुकट भाजून पाहू, लगेच कळेल. ती म्हणाली, पाहू या, पण आईंना सांगायचं तुम्ही.

मी सांगितलं. आई उठून पडवीत गेली. मग स्वतःच डबा काढला, घरामागे तीन दगड मांडले आणि मूठभर सुकट भाजली. वासाने शेजारची दोन्ही मांजरं कुंपणावर हजर झाली. त्यांच्यामागून त्यांची मालकीणही डोकावली.

"काय गो, मोडलास श्रावण?"

"माझा नाय. हिचा मोडला," आई म्हणाली.

आमची मांजर हातभर अंतरावर पडून होती. तिने मानही उचलली नाही. आईने सुकटीची चिमूट तिच्या नाकाशी धरली, तरी काही नाही.

"हिला वासच येत नाय रे," आई हळू आवाजात म्हणाली. "ने हिला."

शहापूरला जनावरांच्या दवाखान्यात टोपलीवर जुनं लुगडं बांधून आम्ही तिला नेलं. पुढे बकऱ्या होत्या. एका बकरीवाल्याने विचारलं, मांजराला पण दवाखाना लागतो का? बायको म्हणाली, नाक आहे ना तिला.

डॉक्टरांनी विचारलं, स्राव एका नाकपुडीतून की दोन्हींतून? शिंका कधी सुरू झाल्या, रंग कधी बदलला, हे सगळं माझ्याकडे तयार होतं. नाकपुड्यांचं मात्र मी नेमकं पाहिलं नव्हतं. "दोन्ही," बायको म्हणाली आणि माझ्याकडे न बघण्याची काळजी घेतली.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं: पाण्यासारखं नाक गळतंय, पण मांजर खातंय, हिंडतंय, तर एक-दोन दिवस लक्ष ठेवावं. स्राव घट्ट, पिवळा-हिरवा झाला, रक्त दिसलं किंवा एकाच बाजूने येत राहिला तर आणावं. एका बाजूला कधी गवताचं कुसळही अडकलेलं असतं. तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा दिवसभर काही खाल्लं नसेल तर अजिबात थांबू नये. वास आला नाही की मांजर खात नाही, आणि उपाशी मांजर फार लवकर ढासळतं. माणसांची सर्दीची गोळी तर तुकडाही द्यायची नाही, त्याने मांजर मरतं.

इंजेक्शन झालं, औषध मिळालं. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाक पुसायचं आणि वासाचं, कोमट काहीतरी भरवायचं. सुकट चालेल का, बायकोने विचारलं. ताजा मासा बिनमिठाचा उकडून, काटे काढून द्या, डॉक्टर म्हणाले.

मासा घेऊन आम्ही दारात आलो तेव्हा आईने एवढंच सांगितलं, की मागच्या चुलीवर आणि भांडं वेगळं. शिजल्यावर मात्र काटे काढायला तीच बसली. माझ्या हाताचा तिला भरवसा नव्हता. मांजरीचं नाक मी पुसलं. आईने बोटावर मासा धरला. मांजर बराच वेळ तशीच बसली. मग नाक हललं, जीभ बाहेर आली, आणि पाठोपाठ आईचं बोटच दातांत.

"हळू गो," आई म्हणाली. "पळत नाय मासा."

मांजरीची ताटली चाटून होईपर्यंत आई हलली नाही. मग उठून दुसऱ्यांदा आंघोळीला गेली.