तांबड्या थराचं कुंकू

आमच्या शेजारच्या काकूंचं कुंकू दुकानातलं नव्हतं. घाटातली तांबडी माती वस्त्रगाळ करून त्या कपाळाला लावायच्या. नवरा विहिरीत गाडला गेलेला आणि कपाळ लालभडक. लग्न होऊन मी गावात आले तेव्हा ते पाहिलं आणि नजर खाली घातली.

काका विहिरी खोदायचे. आमचं गाव डोंगरावर, नेकनूरच्या पुढं. वर वीतभर माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा खडक, मग तांबडा थर आणि त्याखाली पुन्हा काळा. तांबडं लागलं की खोदणारे सगळे वर यायचे. आत भाकरी-कांद्याचा निवद ठेवायचे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी उतरायचं नाही. थर भुसभुशीत, कडा सुकू द्यावी लागते. स्वतःच्या विहिरीत मात्र काका थांबले नाहीत. कडा खचली. त्यांना वर काढता आलं नाही, शेवटी विहीरच बुजवली.

"मानूस वर आलं न्हाई, मग मी कशाला पुसू?" काकू म्हणायच्या. संक्रांतीला एकीनं टोचलं, "कुनाच्या नावाचं लावता वो?" काकू शांतपणे म्हणाल्या, "तू खाली जाऊन बघून आलीस का?" पुढच्या संक्रांतीला त्यांना कुणी बोलावलं नाही.

तोच थर घाटाच्या अंगाला उघडा पडलाय. डोंगराला तांबडा पट्टा बांधावा तसा. पट्ट्याच्या वर नुसतं कुसळ आणि तरवड. खाली ओल झिरपते, म्हणून सीताफळं दाट. काकू ती पाटीत भरून विकायच्या, पण स्वतः कधी खाल्ली नाहीत.

मी एकदा धीर करून विचारलं, "कावून खात न्हाई?"

"त्यांचा घाम हाय त्यात."

त्या दिवशी त्यांनी मला पट्ट्यातल्या एका कपारीपाशी नेलं. "मालक म्हनायचे, हे जुनं रान हाय. आपल्या लई आधीचं. मग वरून आग वाहत आली, रान भाजून खाली ऱ्हायलं. हिरीतला थर अन् ह्यो, एकच. कान लाव."

मी कान लावला. गार वाटलं. मग लांब आतून आवाज आला, ठक. जरा थांबून पुन्हा ठक. पहार खडकावर पडावी तसा. मी मागं सरले. काकू पदरात माती घेत होत्या. म्हणाल्या, "काम चालूच हाय."

पुढं लेकीनं भूगोलाचा धडा वाचून दाखवला. आपला सगळा मुलूख थरावर थर थंड झालेल्या लाव्ह्याचा आहे, मधल्या काळात माती तयार व्हायची, त्यात काही उगवायचं आणि वरून पुन्हा लाव्हा यायचा. म्हणजे काकांचं खालचं रान खरंच होतं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्याच सुमारास लांबच्या मुलखातून बोअरच्या गाड्या यायला लागल्या. काकूंच्या दिरानं बुजवलेल्या विहिरीला लागूनच बोअर घ्यायचं ठरवलं. काकू एवढंच म्हणाल्या, "घ्या. पन तांबडं लागलं की थांबा."

गाडीवाल्यांना आपली भाषा कळत नव्हती. आधी राखाडी भुकटी उडाली, मग एकदम तांबडी. दीर हात हलवून ओरडले, पण मशीन थांबलं नाही. सगळे लांब पळाले. काकू जागच्या हलल्या नाहीत. केस, लुगडं, हात, सगळं तांबडं झालं. मशीन बंद पडल्यावर मी जवळ गेले.

"आले का गं वर?" त्यांनी विचारलं.

मी होकाराची मान हलवली.

काकूंनी पदरानं कपाळ पुसलं. पदरही त्याच मातीनं भरलेला. पुसतील तसं कपाळ आणखी लाल होत गेलं. शेवटी मीच तांब्याभर पाणी आणून त्यांचं तोंड धुतलं. त्यानंतर जाईपर्यंत त्यांचं कपाळ मोकळं होतं, आणि सीताफळं त्या आवडीनं खायच्या.

बोअर झाल्यावर थोड्या दिवसांनी मी एकटीच कपारीपाशी गेले होते. कान लावला.

आवाज येत होता. काकूंना मी ते कधीच सांगितलं नाही.