नवमीच्या चंद्रावरची रेघ

सुरतजवळच्या उधन्याच्या एका कारखान्यात मी गेली वीस वर्षं कापड तपासतो. दुधी काचेखाली ट्यूबलाइट पेटलेली असते, तिच्यावरून कापडाचा ताका सरकत जातो आणि मी दोष बोलत जातो: तार तुटली, तेलाचा डाग, भोक. शेजारी बसलेला सोबती लिहून घेतो आणि म्हणतो, "पुढे?" या कामानं पोट भरलं, पण जीभ बिघडली. बायको म्हणते, मी लग्नातल्या जेवणाचेही दोष बोलतो. जित्याची खोड, दुसरं काय!

चाळिशी ओलांडल्यावर मला आकाशाचं वेड लागलं. नवी दुर्बीण परवडण्यासारखी नव्हती. वर्षभर मोबाइलवर जुनी शोधत होतो आणि एकदाची कामरेजला एक मिळाली. मोठ्या आरशाची, पत्र्याच्या जाड नळीची, लाकडी तिवईवर बसवलेली. विकणाऱ्या बेन शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. नजरेच्या मधोमधचं दिसेनासं झालंय, म्हणून विकते, असं त्यांनी फोनवरच सांगितलं होतं. त्या रात्री मला आनंदानं झोप लागली नाही.

रविवारी दुपारी मी आणि बायको गेलो. बेननी नळीवरचं झाकण काढलं. मी काय करावं? खिशातून मोबाइल काढला, टॉर्च लावला आणि थेट आत मारला. तळाचा आरसा उजळला आणि माझा हिरमोड झाला. धूळ, पांढरे ठिपके, दोन-तीन ओरखडे. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आरसा डागी आहे. इथे ओरखडा. इथे दुसरा. माल सेकंड क्वालिटीचा आहे, बेन."

बायकोनं मला कोपरानं ढोसलं आणि आमच्या अहिराणीत दटावलं. "हाऊ काय ताका शे का? गप ऱ्हा ना आते!"

पण बेनना जे समजायचं ते समजलं होतं. त्यांनी हातानं चाचपत झाकण परत लावलं. "आ माल नथी, भाई. मारे नथी वेचवुं."

हा माल नाही आणि विकायचाही नाही म्हणे. वर्षभर शोधलेली वस्तू माझ्याच तोंडानं मी घालवली होती. मला स्वतःचाच इतका राग आला की माफीसुद्धा धड मागता येईना. शेवटी बायकोच हिंदीत म्हणाली, "बेन, हे घरी माझ्या पोळ्यांनाही असंच करतात. त्यांच्या मनात काही नसतं. नका विकू, पण मला एकदा चंद्र दाखवा. तेवढं बघून आम्ही जातो."

बेन हसल्या. चहा ठेवला. दिवस कलल्यावर आम्ही दुर्बीण अंगणात आणली. नवमीचा चंद्र वर आलाच होता. बेनची बोटं न बघता एकेक स्क्रू शोधत होती. आधी बायकोनं पाहिलं. "अगं बाई!" एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली. मग मी डोळा लावला.

एकही डाग नाही. आरशावर जे टॉर्चमध्ये दिसलं होतं, त्यातलं काहीही नाही. स्वच्छ, लखलखीत चंद्र, आणि उजेड-अंधाराच्या हद्दीवर खड्डेच खड्डे.

"शुं देखाय छे? बोलो," काय दिसतंय ते बेननी विचारलं.

कापडाचे दोष बोलतो तसंच मी बोलू लागलो. मोठा खड्डा, मधोमध टेकाड. त्याच्या काठावर लहान खड्डा. इथे तीन एका ओळीत. बेन मान हलवत होत्या, एकेकाचं नाव सांगत होत्या. "पछी?" आमच्या सोबत्याच्या "पुढे?"सारखंच ते. मी पुढे सरकलो. "इथे एक रेघ आहे. बारीक, काळी, सरळ. कापडात तार ओढली जाते तशी."

बेनचा कप ओठांजवळ थांबला. "फरी बोलो."

मी परत सांगितलं.

"तो चंद्रावरचा उभा कडा आहे," त्या गुजरातीत म्हणाल्या. "सरळ, लांबच लांब. शाळेतल्या किती मुलींना दाखवला, दाखवूनही दिसत नसे. तुम्हाला न सांगता दिसला." मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "घेऊन जा. टॉर्च मात्र मारू नका. टॉर्चमध्ये कुठलाच आरसा चांगला दिसत नाही."

परतताना रिक्षात नळी माझ्या मांडीवर होती. त्या दिवसाइतकं सुख मला फार थोड्या वेळा झालं आहे.

आता दर शुद्ध नवमीला आमच्या गच्चीवरून मी बेनना फोन लावतो. एक डोळा दुर्बिणीला, फोन कानाला. मी बोलत जातो, त्या म्हणतात, "पछी?" गेल्या खेपेला मी रेघेपर्यंत पोचलो. तिकडून त्यांनी हळूच विचारलं, "हजी त्यां ज छे ने?"

"अजून तिथेच आहे, बेन," मी म्हणालो. "जागच्या जागी आहे."