माशा-डास शिकायला घेतलेली उचल

आमच्या बापूनं आरोग्याचं शिक्षान घेतलं नि घरात किस्से साचायला लागलं. शेणखतासारखं! वरचं पाटीभर उपसावं तर खालचं आनि वाफाळतंय. कोडोलीत चार मानसं बसली की म्हनत्यात, "दादा, काढ की बापूचा एखादा." मग काय, काढतो.

बापू माझा धाकटा भाऊ. म्याट्रिक झाला नि म्हनाला, "दादा, पुण्याला जातो. स्यानिटरी इन्स्पेक्टरचा कोर्स हाय." घरात पैसं न्हवतं. आमचा गूळ इकणारा अडत्या म्हंजे कोल्हापूरचा मल्लाप्पाण्णा. त्याच्याकडं गेलो, पुढच्या गुळावर उचल मागितली.

आण्णा म्हनाला, "पोरगं शिकनार काय?"

"माशा, डास, गटारी."

"ते तर तुझ्या परड्यात फुकट शिकंल की गा! बरं, पगार किती पडंल?"

मी सांगितला. आण्णा पोट धरून हसला. "आरं, तुझा गुळव्या गुऱ्हाळावर रस आटवून ह्याच्यापेक्षा जास्त मिळवतोय! कशाला कर्जात पडतोस?"

माझं डोस्कंच फिरलं. म्हटलं, "आण्णा, उचल देताय का अक्कल देताय?"

"दोन्ही देतो. अक्कल बिनव्याजी!"

*

पयल्या सुट्टीत बापू घरी आला. आजूबाजूला पटकीची साथ. ह्यानं भल्या पहाटं, कुनाला न सांगता, पान्याच्या हिरीत लाल औषध टाकलं. बाया घागरी घेऊन गेल्या तर पानी लालभडक! एकच कालवा, "मरीआई आली! मरीआई आली!" घटकाभरात हिरीच्या काठावर नारळ, हिरवा खण, हळदकुंकू.

बापू वरडत पळाला, "आवो, औषध हाय ते! मी टाकलंय!"

आमची शेजारीन म्हातारी त्याच्यावरच खेकसली, "गप बस! टाकलंस तू, पर टाकाय लावलं कुनी?"

त्या साली आमच्या गावात एकबी मानूस पटकीनं गेलं न्हाय. बापू म्हनतो औषधानं. म्हातारी काय म्हनती, सांगाय पायजे का?

*

शिकून आला, कोल्हापुरात नोकरीला लागला. मंगळवार पेठंत खोली घेतली. पयला पगार घेऊन गावाकडं आला, तवा मी गुऱ्हाळावर हुतो. खोलीचं भाडं, खानावळ, सायकल वजा करून हातात काय उरलं, ते त्यानं मला दाखवलं. मनात आलं, आण्णाची उचल ह्यातनं कवा फिटायची?

काहिलीपाशी आमचा गुळव्या उभा. त्यानंबी बघितलं. लई मायेचा मानूस. बापूच्या खांद्यावर हात ठेवून म्हनाला, "बापू, वाईट वाटून घेऊ नगंस. काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं घालाय मला एक मानूस पायजेच हाय!"

*

मग बापूला पोरगी सांगून आली. पावणं घर बघाय येनार हुतं. त्याच्या आदल्या आठवड्यात बापूनं स्वतः आमच्या भित्तींवर डीडीटी फवारलं आनि आईला बजावलं, "आता भित्तीला हात लावायचा न्हाय." पावण्यांच्या दिवशी येऊन बघतोय तर भित्ती शेणानं चकाचक सारवलेल्या!

"आगं आई, औषध समदं झाकलंस की!"

"मग? वास मारत हुता. डास काय आपल्या घरात पोरगी देनार हाईत व्हय?"

पावणं बसलं. पोरीचा बाप सरळ मानूस. "पगार ऐकला," म्हनाला, "आता कर्ज सांगा." मी तापलोच. पर बापूनं काय न लपवता उचल सांगितली. वर म्हनाला, "ती फिटल्याबिगार मी लगीन करनार न्हाय. थांबा म्हनायला माझं तोंड न्हाय."

पोरीच्या बापानं चा संपवला, मिशी पुसली. "पोरगी थांबंल की. पर पावणं, तुमी जरा ऊस वाढवा!"

*

ऊस वाढवला. उचल निम्म्यावर आली. पोरीकडचं लग्नाच्या याद्या कराय येतो म्हनालं. आनि तेवढ्यात आण्णाचा निरोप, "असशील तसा निघून ये!"

गेलो तर आण्णा लालबुंद. बापूनं त्याच्याच अडतीला नोटीस लावलेली! गूळ उघडा, माशा घोंगावत्यात, मागची गटार तुंबलेली. म्हनून दंड.

"दंड मागं घ्याय सांग," आण्णा गरजला, "न्हायतर उरलेली उचल आज्जच्या आज्ज टाक!"

तसाच उठलो, बापूच्या खोलीवर गेलो. "कळतंय का तुला? लगीन मोडंल! मागं घे त्यो दंड!"

बापूच्या डोळ्यात पानी आलं, पर मान हलली न्हाय. "दादा, त्या गटारीला लागून हमालांची घरं हाईत. दोन पोरं हगवणीनं आजारी हाईत. आण्णाला सोडलं तर दुसऱ्याला कुठल्या तोंडानं धरू?"

पाय आपटत परत आण्णाकडं. म्हटलं, "न्हाय ऐकत त्यो."

आण्णा गादीवरनं उठलाच. "माझ्या पैशानं शिकला, आनि मलाच दंड?"

माझाबी तोल गेला. "मग कुनाला करनार? पैसं तुमचं, तर नीट शिकलाय का न्हाय ते पयलं तुमालाच कळाय नको?"

हमाल पोती खांद्यावर घेऊन तसंच उभं. आण्णा माझ्याकडं बघतोय, मी आण्णाकडं. मग त्यानं गल्ल्यातनं दंडाचं पैसं काढलं, दिवाणजीच्या अंगावर टाकलं. "जा, भरून ये. आनि येताना गटार उपसाय मानूस आन."

दिवाणजी चाचरत म्हनाला, "आण्णा, हे कशात धरू?"

आण्णानं माझ्याकडं बोट केलं. "ह्याच्या उचलीत. बापूच्या शिक्षानाचा खर्च!"