नळाला हात लावणारा माणूस

माझ्या मूर्खपणाचं काय सांगू तुम्हाला! पण चहा ओतलाच आहे, तर ऐका.

टेरिलीनचे शर्ट नवे नवे आले होते तेव्हाची गोष्ट. मी अमरावतीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. माझ्याखेरीज अख्ख्या वऱ्हाडात कुणाला काही कळतं यावर माझा विश्वास नव्हता. भाच्याने अमेरिकेहून नव्या जातीचा ट्रान्झिस्टर पाठवला, म्हणजे रेडिओ नव्हे, आत बसतो तो तारेच्या पायांचा बारका भाग. एकच. प्रिन्सिपॉल म्हणाले, "सोमवारी सगळ्यांसमोर चालवून दाखवा, नवी प्रयोगशाळा तुमची."

जोडणी करायला अकोल्याच्या जुन्या शहरातून रशीदभाईंना बोलावलं. रेडिओ दुरुस्त करणारा, चौथी शिकलेला माणूस. ट्रान्झिस्टरला बोट लावण्याआधी हा गृहस्थ दर वेळी उठून नळाला हात लावायचा.

"रशीदभाई, नळाला नवस बोललात काय?"

"नाही सर, हात मोकळा करून राहिलो. या सुक्या थंडीत अंगात करंट राह्यते. अन् ट्रान्झिस्टरच्या पायाले गुंडाळलेली तार सॉकेटात बसवल्यावरच काढजा."

"ती तार पॅकिंगची आहे हो."

"कंपनीवाले का येडे हायेत, फुकट तार गुंडाळाले?"

मी स्टाफरूममध्ये ही गोष्ट नकला करून सांगितली. सगळे पोट धरून हसले. मी जास्त.

सोमवारी मी टेरिलीनवर लोकरी स्वेटर चढवून उभा राहिलो. "सोर्स नावाच्या पायाकडून ड्रेन नावाच्या पायाकडे वीज वाहते, कालव्यातल्या पाण्यासारखी. मधलं गेट म्हणजे त्यावरचं दार. गेटमधून वीज आत शिरत नाही, कारण मध्ये काचेसारखा थर आहे, केसाहून कितीतरी पातळ. गेटवरच्या नुसत्या दाबाने कालवा उघडतो नि मिटतो." काय वाणी होती माझी!

बोलता बोलता उकडलं. स्वेटर काढला, तर अंगावर चटचट आवाज झाला. मग तीन पाय नीट दिसावेत म्हणून ती अडाणी तार ओढून फेकली आणि गेटवर बोट ठेवून दाखवलं. ट्रान्झिस्टर सॉकेटात बसवला. बटण फिरवलं. मीटरचा काटा ढिम्म. पुन्हा फिरवलं. ढिम्म.

रशीदभाई शेवटच्या बाकावरून हळूच म्हणाले, "सर, थो थर लय पातळ हाये म्हनून तुमीच सांगतलं ना आत्ता? मंग अंगातला करंट कसा झेलन थो?"

प्रयोगशाळा बॉटनीवाल्यांना गेली. तिथे आता शेवाळ वाढतं.

पुढच्या वर्षी तोच धडा शिकवताना मी आधी जाऊन नळाला हात लावला. मागच्या बाकावर पोरं कुजबुजली, "सर शिकलेले हायेत, पन देवभोळे हायेत बिचारे."