काठीला पाय लागला आणि मी नापास झाले

आज बेल्टच्या परीक्षेत नापास झाले. कारण ऐकून हसलात तरी चालेल, मी मात्र अजून धुमसतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, इथे अमेरिकेत फ्रीमाँटमध्ये मी जपानच्या ओकिनावा बेटावरची काठी चालवायला शिकतेय. डोक्याहून उंच असते, तिला 'बो' म्हणतात.

आज परीक्षेत माझ्यासमोर लढायला क्लासमधला केविन होता. त्याचा फटका असा बसला की माझी काठी हातातून निसटली आणि मागे सरताना नेमका तिच्यावरच माझा पाय पडला. झालं! मी वाकले, काठीला हात लावला आणि कपाळाला लावला. शाळेत दप्तराला पाय लागल्यावर करायचो ना, अगदी तस्सं.

मान वर केली तर केविनची काठी माझ्या डोक्यावर वीतभर अंतरावर थांबलेली.

सेन्सेई, म्हणजे आमचे सर, शांतपणे म्हणाले, "झुकायचं ते सुरुवातीला आणि शेवटी. मधे नजर फक्त समोरच्यावर. पुढच्या महिन्यात परत ये."

गाडीत लेक म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ स्टिक!"

"नुसती काठी असती तर मी वाकलेच नसते," मी म्हटलं.

घरी आल्यापासून बॅकयार्डमध्ये मुद्दाम काठीला पाय लावतेय आणि मान ताठ ठेवतेय. हात शिवशिवतोय, पण वाकत नाहीये.

तुमचाही हात असा आपोआप कपाळाकडे जातो का हो? ही सवय मोडायची का? मी तर हे लिहिता लिहिताच ठरवलं, नाही मोडणार. पुढच्या महिन्यात काठीला पाय लागला तर नमस्कार करणारच.

फक्त आधी केविनची काठी खाली पाडेन.